शाळा सुटल्याची घंटा

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजन समितीनं मला दिलेला विषय होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी म्हटलं, त्यावर बोलणारे गल्लोगल्ली आहेत, मला ताणावर बोलू द्या. समितीनं फार आढेवेढे घेतले नाहीत. कारण आपला व्हॉट्सॲप ग्रुप. तो सुरू झाला तेव्हा त्यावर मुलांचे वाढदिवस आणि वास्तुशांतीचे फोटो यायचे. हल्ली काय येतं? "कुणाच्या ओळखीचा चांगला हृदयरोगतज्ज्ञ आहे का?" "बीपीची गोळी सकाळी घ्यायची की रात्री?" आणि रात्री दीड वाजता कुणीतरी 'शुभ रात्री' टाकतं, त्याला दोन मिनिटांत सात जणांची उत्तरं येतात. म्हणजे दीड वाजता आपल्यातले निदान आठ जण टक्क जागे असतात. त्यात बरेच दिवस मीही असायचे.

आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. आपल्या तुकडीतले दोन डॉक्टर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. माझं काही चुकलं तर त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर करावा. मी बोलणार आहे ती माझ्यावर जे गुजरलं, त्यानंतर मी जे वाचलं आणि रोजच्या दिवसात जे बदललं, त्याबद्दल.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमचं काम अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी चालतं. त्यांची सकाळ ती आपली संध्याकाळ, त्यामुळे स्वयंपाक एकीकडे आणि कानात मीटिंग एकीकडे, असं रात्री दहापर्यंत चालायचं. शिवाय ऑन-कॉल ड्यूटी. म्हणजे रात्री-अपरात्री यंत्रणेत बिघाड झाला की फोन वाजतो आणि पंधरा मिनिटांत लॅपटॉप उघडून बसायचं. गाढ झोपेतही ओळखू यावी म्हणून त्या फोनला मी एक वेगळी ट्यून लावून ठेवली होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नणंदेकडे भाऊबीज होती. मी फराळाचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होते आणि हॉलमध्ये कुणाच्या तरी मुलाचा फोन वाजला. नेमकी तीच ट्यून. ताट माझ्या हातातून सुटलं. चकल्या, चिवडा, लाडू, सगळं हॉलभर झालं. सगळे हसले, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. छातीत धडधडत होतं, हात थरथरत होते आणि रडू आवरत नव्हतं. त्या आठवड्यात माझी ड्यूटीसुद्धा नव्हती.

नंतर तपासण्या केल्या. रक्तदाब १५०/९६. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आमच्या डॉक्टरबाईंनी आठवडाभर घरी रक्तदाब मोजायला लावला, मग गोळी सुरू केली. आणि मला तीन प्रश्न विचारले. झोपता किती वाजता? उठता किती वाजता? दिवसातला शेवटचा चहा किती वाजता? तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच होतं, "त्याचं काही खरं नसतं हो."

पण मला खरा धक्का बसला तो घरी. एका रात्री एक वाजता पाणी प्यायला उठले तर मुलीच्या खोलीत दिवा. ती तेव्हा सातवीत होती. मी म्हटलं, "अगं, झोप ना आता." ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "तू तरी कुठे झोपतेस?" मला बोलायला जागाच राहिली नाही. तिला मी अभ्यास कसा करायचा ते शिकवत होते, सायकल शिकवली होती, पोळ्या शिकवत होते. आणि न सांगता हेही शिकवत होते.

म्हणून वाचायला बसले. यंत्र कसं चालतं ते कळल्याशिवाय इंजिनिअरला चैन पडत नाही.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. संकट जाणवलं की तिथून आधी काही सेकंदांत ॲड्रिनॅलिन सुटतं. त्यानं छाती धडधडते. आणि काही मिनिटांनी येतं कॉर्टिसॉल. ते रक्तातली साखर वाढवतं, रक्तदाब टिकवून धरतं, सूज दाबून ठेवतं, आणि पचन, प्रजनन यांसारखी कामं थोडी मागे सारतं. घरात पाहुणे आले की आपण धुणं बाजूला ठेवून चहाचं आधण ठेवतो, तसंच. तातडीचं काम आधी.

म्हणजे कॉर्टिसॉल शत्रू नाही, हे पहिलं लक्षात ठेवा. ते नसेल तर माणूस जगत नाही. या ग्रंथीच्या संप्रेरकांवर संशोधन करणाऱ्या केंडल, राइखस्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० साली नोबेल मिळालं. आणि त्याआधी, १९३६ साली, माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी 'नेचर'मध्ये एक छोटंसं पत्र छापलं होतं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, अतिश्रम करायला लावा की विष टोचा, त्यांच्या शरीरात बदल सारखेच होतात. अधिवृक्क ग्रंथी फुगतात, पोटात व्रण पडतात. कारण वेगळं असलं तरी शरीराची ओरड एकच. आज आपण 'स्ट्रेस' हा शब्द ज्या अर्थानं वापरतो तो तिथून रूढ होत गेला.

या यंत्रणेतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिला स्वतःला थांबवता येतं. मेंदूतून निरोप निघतो, ग्रंथी कॉर्टिसॉल सोडते, आणि तेच कॉर्टिसॉल मेंदूपर्यंत पोचून सांगतं की आता पुरे. फ्रिज पुरेसा थंड झाला की कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो, तसं. बिघाड केव्हा होतो? आपण फ्रिजचं दार दर पाच मिनिटांनी उघडत राहिलो तर. मग कॉम्प्रेसर चालूच राहतो. फ्रिज वाईट नसतो, दार सारखं उघडं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे याला दिवसाचा एक ताल असतो. पहाटे कॉर्टिसॉल वाढायला लागतं, जाग आल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं, मग दिवसभर हळूहळू उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला येतं. सकाळी चढ, रात्री उतार. हा उतार नीट झाला की झोप लागते, आणि झोप नीट झाली की दुसऱ्या दिवशीचा उतार नीट होतो.

हे वाचताना मला आपली शाळा आठवली. व्हरांड्यात टांगलेला तो रुळाचा तुकडा. शिपाईमामा त्यावर टोल द्यायचे. प्रार्थना, तास, छोटी सुट्टी, तास, मोठी सुट्टी, आणि शेवटी तो लांबलचक घणघणाट. शाळा सुटली! दप्तर पाठीवर आणि आपण फाटकाबाहेर. बाईंनी रागावलेलं, सरांनी पट्टी मारलेली, चाचणीत मिळालेला भोपळा, सगळं फाटकाच्या आत राहायचं. संध्याकाळी खेळ, तिन्हीसांजेला हातपाय धुऊन शुभंकरोती, दिव्याला नमस्कार, जेवण, आणि साडेनऊला गाव चिडीचूप. आपल्याला ताण नव्हता असं नाही. दहावीचा ताण काय होता ते इथे सगळ्यांना माहीत आहे. पण रोज संध्याकाळी कुणीतरी घंटा देत होतं.

आता ती घंटा देणारं कुणी नाही. ऑफिस खिशात आहे, बँक खिशात आहे, मुलाच्या शाळेचा पालक-ग्रुप खिशात आहे. दिवस सुरू होतो, पण सुटत नाही. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. कॉर्टिसॉल कमी करायचं म्हणजे त्याच्याशी लढायचं नाही. दिवस सुटल्याची घंटा शरीराला ऐकू जाईल अशी रोज द्यायची.

त्याआधी एक गमतीदार प्रयोग सांगते, गणिताच्या सरांची माफी मागून. जर्मनीतल्या ट्रिअर शहरातल्या शास्त्रज्ञांनी १९९३ साली, माणसाला प्रयोगशाळेत हमखास ताण कसा आणायचा, याची एक पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरतात. काय करतात? माणसाला चेहऱ्यावरची रेषही न हलवणाऱ्या परीक्षकांपुढे उभं करतात आणि भाषण द्यायला लावतात. मग सांगतात, १०२२ मधून १३ वजा करा, आलेल्या उत्तरातून पुन्हा १३ वजा करा, असं मोठ्यानं म्हणत राहा. चुकलं की पुन्हा १०२२ पासून. एवढ्यानं लाळेतलं कॉर्टिसॉल दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढतं. सर, तुम्ही हा प्रयोग आमच्यावर ट्रिअरच्या आधीच करत होतात, फळ्यासमोर उभं करून!

गंमत बाजूला ठेवू. २००४ साली अशा २०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की कॉर्टिसॉल सर्वांत जास्त कधी वाढतं, तर दोन गोष्टी एकत्र आल्या की. एक, लोक आपल्याला जोखत आहेत ही भावना. आणि दोन, परिस्थिती आपल्या हातात नाही ही भावना. आपल्या रोजच्या आयुष्यात या दोन्ही कुठे कुठे आहेत, ते ज्यानं त्यानं मनात मोजावं.

आता मी काय काय बदललं ते सांगते. यात नवीन काही नाही. यातलं निम्मं तुमच्या आजीला माहीत होतं.

पहिली घंटा रात्रीची. रात्री साडेदहाला माझा फोन स्वयंपाकघरात, ओट्यावर, मिक्सरशेजारी चार्जिंगला जातो. गजरासाठी पेठेतून साधं घड्याळ आणलं. सुरुवातीचे पंधरा दिवस व्यसन सोडवल्यासारखे गेले. शिकागो विद्यापीठातल्या ईव्ह व्हॅन कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९७ सालचा एक अभ्यास आहे. त्यात माणसांना एक रात्र फक्त पहाटे चार ते आठ झोपू दिलं, किंवा रात्रभर अजिबात झोपू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे जेव्हा कॉर्टिसॉल उतरायला हवं तेव्हा, ते नेहमीपेक्षा अनुक्रमे ३७ आणि ४५ टक्के जास्त निघालं. एका जागरणाचा हा हिशेब. आपण तर वर्षानुवर्षं उधारी करतोय. मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास झोप हवी, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे. "मला पाच तास पुरतात" असं मीही सांगायचे. पुरत नव्हते. सवय झाली होती.

आणखी एक. रक्तातलं कॉर्टिसॉल निम्म्यावर यायला साधारण तास-दीड तास जातो. म्हणजे रात्री दहा वाजता वाद घातला, मुलाचे मार्क काढले, कर्जाचा हिशेब मांडला, तर अंथरुणात पडल्यावरही शरीर त्याच भांडणात असतं. म्हणून आमच्या घरी एक नियम आहे. पैसे, मार्क आणि सासर-माहेर हे तीन विषय जेवणानंतर बंद. सकाळी चहाबरोबर चालू. खरं सांगते, सकाळी त्यातले बरेच विषय लहान झालेले असतात.

दुसरी घंटा सकाळची. उठायची वेळ रोज तीच, रविवारीही फार तर अर्धा तास इकडेतिकडे. आणि उठल्यावर पहिला अर्धा तास फोन नाही, गॅलरीत जायचं. माझ्याकडे तुळस, गवती चहा आणि एक हट्टी जास्वंद आहे. त्यांना पाणी घालेपर्यंत डोळ्यांवर उजेड पडतो. मेंदूतल्या घड्याळाची वेळ उजेडानं जुळते. आजी पहाटे सडा घालायची, सूर्याला अर्घ्य द्यायची. तिच्या मनात जे काही असेल ते असो, उजेड तिला मिळत होता.

तिसरी, चालण्याची. इथे माझी एक चूक सांगते. तपासणीनंतर मी घाबरून जिम लावली. रात्री नऊला जायचं आणि घाम गळेपर्यंत पळायचं. झोप आणखी उडाली. मग एक प्रयोग वाचनात आला, २००८ सालचा. अर्धा तास जोरात व्यायाम केला तर कॉर्टिसॉल वाढतं, पण स्वतःच्या ताकदीच्या चाळीस टक्के, म्हणजे गप्पा मारत करता येईल इतपत हलका केला, तर वाढत नाही, उलट उतरतं. जोराचा व्यायाम वाईट असा याचा अर्थ नाही. ती वाढ तात्पुरती असते आणि त्या व्यायामाचे फायदे वेगळे आहेत. फक्त त्याची वेळ रात्री नऊ नव्हे. आता मी सकाळी भरभर चालते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यातले दीडशे कसेबसे होतात. आणि रात्री जेवणानंतर शतपावली, नवऱ्याबरोबर, सोसायटीतल्या सोसायटीत. शतपावली या शब्दातच मात्रा लिहिलेली आहे, शंभर पावलं. आमची हजारेक होतात, कारण गप्पा संपत नाहीत.

त्यालाच जोडून झाडांचं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली ३६ शहरी माणसांना आठ आठवडे सांगितलं, आठवड्यातून निदान तीनदा जिथे निसर्ग जाणवेल अशा जागी जाऊन बसा किंवा चाला, मात्र फोन नाही, वाचन नाही, गप्पा नाहीत. सर्वांत जास्त फायदा वीस ते तीस मिनिटांत दिसला. त्यापुढेही होतो, पण सावकाश. तेव्हा महाबळेश्वरला जायची वाट पाहू नका. घराजवळचा एखादा वड, नदीचा घाट, देवळाचं आवार पुरेल. आपल्याला मोठ्या सुट्टीत पिंपळाचा पार होताच की.

चौथी, चहाची. माझा शेवटचा चहा आता दुपारी चारला. कॅफिन शरीरातून निम्मं जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातच्या चहातलं निम्मं रात्री बारालाही अंगात असतं. चहा सोडा असं मी म्हणत नाही. ते सांगून मला इथून जेवल्याशिवाय जायचं नाहीये.

पाचवी, श्वासाची. ऑफिसमधून आले की गाडी खाली लावते आणि वर जाण्याआधी पाच मिनिटं गाडीतच बसते. सावकाश श्वास घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. एवढंच. श्वास लांब सोडला की हृदयाची गती किंचित मंदावते, हे स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून बघता येतं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं, ते योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणं लावून तपासण्यासाठी. हा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी सुरू झाला आणि मी मात्र तो चाळिशीनंतर, पार्किंगमध्ये शिकले. त्या पाच मिनिटांनी एक झालं. दार उघडताना माझ्या चेहऱ्यावर मीटिंग नसते. हे मी नाही, मुलीनं सांगितलं.

आहाराबद्दल फार बोलत नाही. वेळेवर, घरचं, आणि रात्रीचं लवकर. बाकी तुम्हाला ठाऊक आहे.

आता या सगळ्याची दुसरी बाजू, कारण अर्धवट सांगितलं तर ती फसवणूक होईल.

सवयींनी सगळं सुटत नाही. माझ्या ऑन-कॉल ड्यूटीचं मूळ दुखणं श्वासानं गेलं नाही. त्यासाठी मला साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बोलावं लागलं, आणि त्याआधी दोन महिने मी नुसती घाबरत होते. शेवटी टीमनं बसून मागच्या काही महिन्यांत रात्री वाजलेल्या सगळ्या फोनची यादी काढली. बहुतेक फोन असे निघाले की त्यांच्यासाठी कुणाला उठवायची गरजच नव्हती, सकाळी पाहिलं असतं तरी चाललं असतं. धोक्याची पातळी कुणीतरी कधीतरी उगाच खाली लावून ठेवली होती. ती आम्ही नीट केली, आणि पाळी दोघातिघांवर न टाकता सहा जणांत वाटली. आता सहा आठवड्यांतून एकदा माझी वेळ येते आणि ती मला महिनाभर आधी माहीत असते. त्या आठवड्यात फोन ओट्यावर जात नाही, उशाशी असतो. पण बाकीचे पाच आठवडे माझे असतात. परिस्थिती थोडी का होईना हातात आली, की ताण निम्मा होतो. ते २०८ प्रयोगांतलं वाक्य मला तेव्हा कळलं.

आणि सगळ्यांना असं केबिनमध्ये जाऊन बोलता येत नाही, याचीही मला जाणीव आहे. आपल्यात शेती करणारे आहेत. पाऊस केव्हा पडणार आणि टोमॅटोला काय भाव मिळणार हे कुठल्या साहेबांना विचारणार? एसटीत रात्रीची गाडी चालवणारा आपला मित्र आहे, दवाखान्यात रात्रपाळी करणारी मैत्रीण आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं करणाऱ्या मैत्रिणी आहेत. त्यांना 'लवकर झोपा' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांना मी एवढंच म्हणेन, दिवसाचं वेळापत्रक तुमच्या हातात नसेल तर त्यातला एक तुकडा ठरवून घ्या. रात्रपाळी असेल तर दिवसा खोलीत पूर्ण अंधार करून, शक्यतो रोज त्याच वेळी झोपा. आणि घरातल्या बाकीच्यांनी ती झोप देवघराइतकी सांभाळावी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. ग्रुपवर 'कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या' पावडरी आणि गोळ्यांचे मेसेज फिरतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका. स्वतःच्या मनानं कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करत बसू नका. ते तासातासाला बदलतं, त्यामुळे केव्हातरी काढलेल्या एका आकड्यावरून तुमच्या रोजच्या ताणाबद्दल काही कळत नाही. ती तपासणी विशिष्ट आजारांचा संशय असेल तेव्हा डॉक्टर सांगतात. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. आणि आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर ते चालून जाणार नाही. त्याला डॉक्टर लागतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता शेवटची घंटा, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माणसांची.

त्याच ट्रिअरच्या परीक्षेचा २००३ साली एक पुढचा प्रयोग झाला. काही पुरुषांना परीक्षेच्या तयारीच्या वेळी आपला जवळचा मित्र सोबत बसवायची मुभा दिली, काहींना एकटं ठेवलं. परीक्षा तीच, परीक्षक तेच. मित्र सोबत असलेल्यांचं कॉर्टिसॉल कमी वाढलं. मित्रानं गणित सोडवून दिलं नाही, तो फक्त शेजारी होता.

त्या भाऊबीजेनंतर मी आठ दिवस कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मग एका रात्री ग्रुपवरच्या एका मैत्रिणीला वेगळा मेसेज केला, "जागी आहेस?" ती या क्षणी दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि मान खाली घालून हसते आहे. आम्ही शाळेत तीन वर्षं एका बाकावर बसलो आणि नंतर वीस वर्षं धड बोललोही नव्हतो. तिनं फोन केला. मला सल्ला एकही दिला नाही. एवढंच म्हणाली, "सांग." मी तासभर बोलले, आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोपले. आता दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघी फोनवर बोलतो, ती भाजी निवडत आणि मी चालत.

माझा हिशेब सांगून थांबते. रक्तदाबाची गोळी अजून चालू आहे, मात्रा कमी झाली आहे. साखर ५.८ वर आली. उंबरठ्यावरून अंगणात नाही, पण निदान पायरी उतरले. कधी कधी अजूनही ताल बिघडतो. गेल्या महिन्यात एका रिलीजच्या वेळी चार रात्री धड झोप नव्हती. पाचव्या दिवशी फोन पुन्हा ओट्यावर ठेवायला गेले तर तिथे आधीच एक फोन चार्जिंगला लावलेला होता. मुलीचा. ती आता दहावीत आहे. मी काही बोलले नाही, माझा फोन शेजारी ठेवला आणि दिवा बंद केला.

आज सकाळी प्रार्थनेच्या वेळी आपण सगळ्यांनी व्हरांड्यातल्या त्या रुळाच्या तुकड्यावर एकेक टोल दिला. तो अजून तसाच वाजतो. आज घरी गेल्यावर आपापली एक वेळ ठरवा. साडेनऊ म्हणा, दहा म्हणा, ज्याला जी जमेल ती. ती आपली शाळा सुटल्याची घंटा. आणि ग्रुपवर 'शुभ रात्री' त्याच्या आधी टाका. दीड वाजता कुणाचा आलाच, तर त्याला हात जोडलेलं चित्र पाठवू नका. दुसऱ्या दिवशी फोन करा आणि म्हणा, "सांग."

सर, बाई, तुम्ही आम्हाला बोलायला शिकवलंत, आज ते ऐकूनही घेतलंत. आणि मोठ्या सुट्टीची वेळ झाली आहे, जेवण थंड होतंय.